दिवस गेलेत आणि डिग्री अर्ध्यावर आहे : गरोदरपण, बाळ आणि विद्यापीठातला अभ्यास

निळीशाई

नमस्कार. वर्षभर इथे नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबेल, सांभाळून घ्या.

रसायनशास्त्रात एम.एस्सी. करतेय, शेवटचं वर्ष. मला दिवस गेलेत, अकरावा आठवडा चालू आहे. बाळ आम्हा दोघांनाही हवंय, त्यामुळे तो प्रश्न नाही. प्रश्न कॅलेंडरचा आहे. डॉक्टरांनी दिलेली तारीख शेवटच्या सेमिस्टरच्या परीक्षेच्या बरोबर मधल्या आठवड्यात पडते. प्रोजेक्टचं सबमिशन त्याच्या तीन आठवडे आधी. निम्मा दिवस मळमळीत जातो, आणि लॅबमधल्या वासांनी तर आत पाऊल टाकवत नाही.

गाईडना अजून सांगितलेलं नाही. तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगू नये असं सगळे म्हणतात. शिवाय सांगितलं की माझं काम दुसऱ्या कुणाकडे जाईल ही भीती आहेच.

विचारायचंय ते असं. कधी आणि कुणाला सांगावं? वर्षाचा खंड घ्यावा की रेटून न्यावं? आणि बाळ झाल्यावर अभ्यासाला बसतात म्हणजे नक्की कसं बसतात? "होतं गं सगळं" हे उत्तर पुष्कळ जणींनी दिलं. कसं होतं ते कुणी सांगत नाही.

उंबरठा

अभिनंदन! पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना माझा मुलगा झाला. सविस्तर रात्री लिहिते, आत्ता एवढंच: तारखा एकावर एक आल्या म्हणून हबकू नकोस. दिलेल्या तारखेलाच जन्मणारी मुलं थोडीच असतात. ३७ ते ४२ आठवडे हा सगळाच काळ पूर्ण दिवसांचा धरतात. म्हणजे तुझ्यासमोर एक तारीख नाही, पाच आठवड्यांचा पट्टा आहे. आणि हिशोब केलास तर दिसेल, सबमिशन ३७व्या आठवड्यात येतंय, तेही त्या पट्ट्यातच. आखणी करायची ती पट्टा धरून कर. सबमिशन ३४व्या आठवड्याला आणता येतं का बघ.

काचपात्र

निळीशाई, बाकी सगळं नंतर. लॅबमध्ये काय काय हाताळतेस ते आधी लिही.

चौदा वर्षं संशोधनात आहे म्हणून हे ठासून सांगते. "तीन महिन्यांनी सांगू" हा सल्ला लॅबमध्ये काम करणाऱ्या बाईसाठी नाही. बाळाचे अवयव घडतात तेच मुळी पहिल्या तीन महिन्यांत. मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यातून बनतात ती नळी तर गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांच्या आत मिटते, म्हणजे पाळी चुकल्याचं लक्षात येतंय न येतंय तोवर. जेव्हा सगळ्यात जास्त जपायचं, तेव्हाच आपण गप्प बसलेलो असतो.

टोल्युइन, बेंझिन, फॉर्मल्डिहाइड, शिशाची आणि पाऱ्याची संयुगं यांच्यापासून दूर हो. फ्यूम हूड (वाफा ओढून घेणारं कपाट) चालू आहे म्हणून चालेल असं मनाशी ठरवू नकोस. प्रत्येक बाटलीसोबत सेफ्टी डेटा शीट असते, तिच्यात एच३६० किंवा एच३६१ हा कोड दिसला तर त्याचा अर्थ ते रसायन प्रजननक्षमतेला किंवा पोटातल्या बाळाला अपाय करतं, निदान तसा संशय तरी आहे. एच३६२ हा कोड अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी असतो, तो पुढे लागेल, आत्ताच लिहून ठेव. तुमच्याकडे किरणोत्सर्गी काम असेल तर आणखी एक गोष्ट. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाच्या शिफारशीनुसार, गरोदर असल्याचं कळवल्यापासून पुढे बाळाला मिळणारा जादा डोस साधारण १ मिलिसिव्हर्टच्या आत राहायला हवा. "कळवल्यापासून" हा शब्द बघ. सांगितलंच नाहीस तर तुला सगळ्यांसारखीच मर्यादा लागू राहते.

आतापर्यंत जे हाताळलंस त्याची यादी करून डॉक्टरांना दाखव. घाबरून रात्र जागवू नकोस, बहुतेक वेळा थोड्याशा संपर्काने काही बिघडत नाही. पण डॉक्टरांना माहीत असू दे.

काम जाण्याचं म्हणशील तर अदलाबदल सुचव. मी केली होती. लॅबमधल्या जोडीदाराने माझ्या रिअॅक्शन्स लावल्या, मी त्याच्या स्पेक्ट्राचं (यंत्रातून आलेल्या आलेखांचं) विश्लेषण केलं. कोणाचं नाव कुठे येणार ते सुरुवातीलाच ईमेलवर लिहून घेतलं, म्हणून नंतर मनं दुखावली नाहीत.

निळीशाई

काचपात्र ताई, तुमची पोस्ट वाचून हात थंड पडले, पण आभार. टोल्युइन रोजचं आहे. उद्या सकाळीच गाईडना भेटते.

खडूफळा

विद्यापीठात शिकवते, एकोणीस वर्षं झाली. टेबलाच्या या बाजूचं लिहिते.

निळीशाई, उद्या गाईडना तोंडी सांग आणि त्याच दिवशी ईमेल कर. तोंडी होकार देणारे लोक मनाने चांगलेच असतात, पण विभागप्रमुख बदलतात, गाईड सुट्टीवर जातात, ऑफिसमधली टेबलं बदलतात. मग तुझ्याकडे दाखवायला कागद उरत नाही. माझ्याच एका विद्यार्थिनीला प्रॅक्टिकल नंतर घेऊ असं तोंडी कबूल केलं होतं. निकालात ती गैरहजर लागली. माझ्या विभागाची चूक होती आणि ती निस्तरायला आठ महिने गेले. त्या आठ महिन्यांत तिला नोकरीचा अर्ज करता आला नाही. मला ते अजून बोचतं.

ईमेल लांबलचक नको, अशी:

"मी गरोदर असून प्रसूतीची अपेक्षित तारीख अमुक आहे. ३४व्या आठवड्यापर्यंत प्रोजेक्टचं लेखन पूर्ण करण्याचा माझा विचार आहे. खालील रसायनांसोबत काम करणं मला शक्य नाही, त्याऐवजी पर्यायी काम मिळावं. परीक्षा अपेक्षित तारखेच्या आसपास येत असल्याने, ती चुकल्यास पुढची संधी कधी आणि कोणत्या नियमाखाली मिळेल ते लेखी कळवावं."

यात माफी कुठेही नाही हे लक्षात घे. पुष्कळ मुली "तसदीबद्दल क्षमस्व"ने सुरुवात करतात. नको.

ऑफिसात जाशील तेव्हा चार वेगवेगळ्या गोष्टी एकाच शब्दात बोलल्या जातात, त्या वेगळ्या कर. हजेरीत सूट, ठराविक दिवसांची रजा, अख्खं सेमिस्टर सोडणं, आणि सबमिशनची मुदतवाढ. प्रत्येकाचा फॉर्म वेगळा आणि परिणामही वेगळा. कुठल्याही कागदावर सही करण्याआधी एक प्रश्न विचार: या काळात माझी नोंदणी चालू राहील का? नोंदणी थांबली की तिच्या शेपटाला बांधलेलं सगळं थांबू शकतं. शिष्यवृत्ती, वसतिगृह, लायब्ररीचं लॉगिन, आरोग्य विमा. परदेशात शिकणाऱ्या मुलींचा तर व्हिसाही. "विश्रांती घे, सेमिस्टर सोडून दे" हा सल्ला प्रेमाने दिला जातो, पण देणाऱ्याने हे तपासलेलं नसतं.

नियमपुस्तकात गरोदरपणाचा उल्लेखच नसेल तर वाईट वाटून घेऊ नकोस, विचारायचं थांबूही नकोस. मूल झालं की घड्याळ थांबवावं ही काही मेहेरबानी नाही. युरोपियन रिसर्च कौन्सिलच्या ज्या अनुदानांना पीएच.डी. झाल्यापासून किती वर्षं झाली याची अट असते, तिथे आईला दर मुलामागे १८ महिने वाढवून मिळतात. मोठमोठ्या संस्थांनी हे मान्य केलंय, एका विभागाला एका परीक्षेचं करता यायला हवं.

वळणवाट

वेगळं मत मांडते. खंड घे. मी घेतला, पूर्ण वर्षाचा, आणि मला एका दिवसाचाही पश्चात्ताप नाही. माझी मुलगी ३३व्या आठवड्यात आली, महिनाभर काचेच्या पेटीत होती. त्या दिवसांत माझ्या डोक्यावर परीक्षा असती तर मी काय केलं असतं, विचारही नको वाटतो. वर्षाने परत गेले, पास झाले. कुणी विचारत नाही मधलं वर्ष कुठे गेलं.

उंबरठा

वळणवाट, तुझ्या मुलीचं वाचून गलबललं. तुझा निर्णय तुझ्यासाठी बरोबरच होता.

पण माझी दुसरी बाजू. मीही "एक वर्ष" घेतलं होतं, त्याची नऊ वर्षं झाली. कुणी अडवलं नाही, कुणी नाही म्हटलं नाही. फक्त दर वर्षी जूनमध्ये काहीतरी असायचं. मूल आजारी, नवऱ्याची बदली, पैशांची ओढ. मग अभ्यासक्रम बदलला, जुने पेपर ग्राह्य धरेनात. नवव्या वर्षी पहिल्यापासून प्रवेश घेतला, मुलासोबत एकाच टेबलावर अभ्यास केला. डिग्री मिळाली, त्याचा आनंद आहे. पण खंड घेणाऱ्या प्रत्येकीला माझं सांगणं असतं: जाण्याआधी परत यायची तारीख आणि परत येण्याचा फॉर्म, दोन्ही हातात घेऊन मग जा. आणि एखादा धागा तुटू देऊ नकोस. एक विषय, महिन्यातून गाईडना एक ईमेल, काहीही चालेल.

वळणवाट

हे मान्य. माझी परतीची तारीख ठरलेली होती. ती नसती तर मीही कदाचित गेलेच नसते.

अर्धविराम

निळीशाईचा तिसरा प्रश्न कुणी घेतला नाही. बसतात म्हणजे नक्की कसं बसतात? पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षात मुलगी झाली, पाचव्या वर्षाच्या शेवटी थीसिस दिला. जे उशिरा कळलं ते लिहिते.

मला वाटायचं बाळ आपला वेळ घेतं. तसं नाहीये. नवजात बाळ चोवीस तासांतले चौदा ते सतरा तास झोपतं. तास असतात. बाळ घेतं ती सलगता. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा दूध, मध्ये ढेकर, लंगोट, झोपवणं. वीस मिनिटं मिळतील की दोन तास, हे बसताना माहीत नसतं. आणि आपला अभ्यास सलग बसण्यावर उभारलेला असतो. पहिले तीन महिने मी रोज सलग तासांची वाट बघायची, ते यायचे नाहीत, आणि रात्री स्वतःला आळशी ठरवून झोपायची.

नंतर मी कामाचेच दोन ढीग केले. तुटलं तरी चालणारं काम आणि तुटलं तर मरणारं काम. संदर्भसूची नीट करणं, आकृत्यांना नावं देणं, मुलाखती टंकणं, वाचलेल्या पेपरच्या टिपा, हे पहिल्या ढिगात. नवा युक्तिवाद मांडणं, प्रकरणाचा सांगाडा, अवघड सिद्धता, हे दुसऱ्यात. पहिला ढीग बाळाच्या झोपेत व्हायचा. दुसऱ्यासाठी मी माणूस मागायची.

इथेच माझं सगळ्यात मोठं चुकलं होतं. आई किंवा नवरा बाळाला घ्यायचे तेव्हा मी उठून कपडे धुवायची, भांडी लावायची. घरात असल्याची भरपाई केल्यासारखी. बाळ दुसऱ्याच्या हातात असतं ते दोन तास म्हणजे दिवसातलं सोनं आणि मी ते धुण्यात घालवायची. पुढे नियमच केला: कुणी बाळाला घेतलं की मी दार लावून दुसरा ढीग काढणार. घरकाम बाळ जागं असताना, त्याला शेजारी ठेवून. सुरुवातीला अपराधी वाटलं. आईनेच एकदा दाराबाहेरून सांगितलं, "बाहेर येऊ नकोस, आम्ही मजेत आहोत."

आणखी एक छोटी सवय. उठावं लागलं की मी वाक्य अर्धं सोडायची आणि खाली एक ओळ लिहायची, पुढे काय करायचंय ते. "आता तक्ता ३ मधला दुसरा रकाना का घसरला ते लिही." परत आल्यावर कुठे होतो हे शोधण्यात पंधरा मिनिटं जायची, ती वाचली. वीसातली पंधरा मिनिटं म्हणजे काय ते आयांना सांगायला नको.

पहाटगस्त

अर्धविराम ताईंच्या पोस्टला अनुमोदन. मी बाप आहे, विद्यार्थीही आहे. आम्ही दोघंही पीएच.डी. करतोय, मुलगा सात महिन्यांचा.

आमच्याकडे आठवड्याचं वेळापत्रक आहे आणि त्यात "मदत" हा शब्द नाही. पहाटे चार ते नऊ बाळ माझं. तिचा त्या वेळचा अभ्यास, माझा रात्रीचा. सुरुवातीला मी "तू सांग, मी करतो" म्हणायचो. बायकोने एकदा शांतपणे सांगितलं की काय करायचं हे लक्षात ठेवणं हेच निम्मं काम आहे, आणि ते तू मलाच देतोयस. लसींच्या तारखा, डॉक्टरांच्या वेळा, लंगोट संपलेत का, हे सगळं आता माझ्या डोक्यात असतं. मी वर्गात सांगितलं की पहाटे बाळ असतं म्हणून नऊची मीटिंग साडेनऊला हवी, तर सगळ्यांनी कौतुक केलं. तिने हेच मागितलं तर कपाळाला आठ्या आल्या. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून आता शक्य असेल तिथे मागणी मी करतो.

मी फिजिक्सचा, म्हणून एक गोष्ट सांगतो. मेरी क्यूरींची थोरली मुलगी सप्टेंबर १८९७मध्ये जन्मली आणि त्याच वर्षाअखेरीस त्यांनी डॉक्टरेटसाठी युरेनियमच्या किरणांवर काम सुरू केलं. १८९८मध्ये पोलोनियम आणि रेडियम, १९०३मध्ये डॉक्टरेट. शाळेपासून आपल्याला त्यांची जिद्द सांगतात, आणि ती होतीच. पण त्याच सुमारास मेरींचे पती पिएर यांच्या आई वारल्या आणि पिएरचे डॉक्टर वडील, युजीन क्यूरी, या दोघांकडे राहायला आले. नातीला त्यांनी सांभाळलं. आजोबांना धड्यात जागा मिळत नाही. मला मुलगा झाल्यापासून त्या गोष्टीत सगळ्यात जास्त तेच दिसतात.

रात्रपाळी

प्रसूती विभागात सिस्टर आहे. थोडं तब्येतीचं, कारण अभ्यासाच्या नादात मुली अंगावर काढतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६मध्ये गरोदरपणात किमान आठ तपासण्या सांगितल्या. पहिली १२ आठवड्यांच्या आत, मग २०, २६, ३०, ३४, ३६, ३८ आणि ४०. बघा, आठातल्या पाच ३०व्या आठवड्यापासून पुढे आहेत. सेमिस्टरच्या शेवटी हे दिवस जाणारच, आजच कॅलेंडरात भरून टाका. लेक्चर आहे म्हणून तपासणी पुढे ढकलू नका.

मळमळ बहुतेकींची १६ ते २० आठवड्यांपर्यंत ओसरते. पण पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी कमी होत असेल, वजन उतरत असेल, तर ते नेहमीचं नव्हे, दवाखाना गाठा. २० आठवड्यांनंतर जोराचं डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा ठिपके, वरच्या पोटात कळ, चेहऱ्या-हातांवर अचानक सूज: हे अभ्यासाने झालं असेल म्हणून सोडू नका, रक्तदाब त्याच दिवशी तपासून घ्या. रक्तदाब वाढण्याचा हा धोका बाळंतपणानंतरही काही आठवडे असतो. बाळाची हालचाल कमी वाटली तर उद्याचा पेपर असला तरी आजच जायचं. लायब्ररीत तासन्‌तास बसू नका, गरोदरपणात रक्त गोठण्याकडे कल असतो. तासाला उठून चाला. एकच पोटरी सुजली, दुखली, तर दाखवा. जागण्यासाठी कॉफी आणि एनर्जी ड्रिंक घेत असाल तर दिवसाचं कॅफीन २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवा.

आणि बाळ झाल्यावरची एक कळकळीची विनंती. रात्री वाचताना बाळाला मांडीवर घेऊन सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बसू नका. तुम्ही थकलेल्या असता, डोळा लागतो, आणि तिथे बाळ गुदमरण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो. पापणी जड झाली की पुस्तक मिटा, बाळाला त्याच्या सपाट जागेवर उताणं झोपवा, तुम्हीही झोपा.

निळीशाई

पाच महिन्यांनी धागा वर काढतेय. ३३वा आठवडा.

त्या सकाळी गाईडना सांगितलं. त्या दोन मिनिटं गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "टोल्युइन आजपासून बंद." काम गेलं नाही. काचपात्र ताईंची अदलाबदल जशीच्या तशी केली. खडूफळा मॅडमचं पत्र जवळजवळ शब्दशः पाठवलं. ऑफिसने आधी "अशी तरतूद नाही" म्हटलं, दोन आठवड्यांनी पुरवणी परीक्षेचं लेखी उत्तर आलं. प्रोजेक्टचा मसुदा काल दिला. पाय सुजतात, दाखवलंय, रक्तदाब ठीक आहे. परीक्षा देता आली तर देणार, नाही तर पुरवणी.

खडूफळा

ते लेखी उत्तर जपून ठेव. फोटो काढून तीन ठिकाणी ठेव.

निळीशाई

मुलगी झाली. ३९वा आठवडा. परीक्षा सुरू व्हायला तीन दिवस होते, म्हणजे पुरवणी.

आज चार आठवडे झाले. खरं लिहू का? सगळे आनंदात आहेत आणि मला काहीच वाटत नाही. पुस्तक उघडलं की रडू येतं, तिच्याकडे बघितलं तरी रडू येतं. ती झोपली तरी मला झोप लागत नाही. अभ्यास होत नाही म्हणून असेल. की मी आई म्हणूनच कमी पडतेय, कळत नाही.

रात्रपाळी

बाळा, अभ्यासामुळे नाही आणि कमीही पडत नाहीयेस. बाळंतपणानंतर दोन-तीन दिवसांनी येणारं रडू पुष्कळ जणींना येतं, ते साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. तुला चार आठवडे झालेत आणि बाळ झोपलं तरी तुला झोप नाही. हे डॉक्टरांना सांगायचं दुखणं आहे. एडिनबर्ग प्रश्नावली म्हणून असते, १९८७ची, दहा प्रश्नांची, गेल्या सात दिवसांत कसं वाटलं एवढंच विचारते. उद्या तपासणीला जाऊन ती भरायला माग. उपचार आहेत, अंगावर पाजत असतानाही चालतील असे. स्वतःला किंवा बाळाला इजा करावी असा विचार एकदाही आला असेल तर उद्याची वाट बघू नकोस, नवऱ्याला उठव आणि आत्ता जा.

अर्धविराम

निळीशाई, मला दुसऱ्या महिन्यात हेच झालं होतं. पोस्टमध्ये तेव्हा लिहिलं नाही, लिहायला हवं होतं. ढीग करणं, ओळ लिहून ठेवणं, हे सगळं मी उपचार सुरू झाल्यावर केलं. त्याआधी मी काहीही केलेलं नाही. पुस्तकं बाजूला ठेव. विपू (विचारपूस, म्हणजे तुझ्या पानावर निरोप) केलीय, त्यात फोन नंबर आहे, कुठल्याही वेळी कर.

निळीशाई

गेले. नवरा सोबत होता. औषध आणि समुपदेशन दोन्ही सुरू झालंय. सध्या एवढंच.

निळीशाई

मुलगी चार महिन्यांची झाली. पुरवणी परीक्षा परवा संपली.

पेपर तीन तासांचा आणि मी अंगावर पाजते, म्हणून जाण्याआधी पाजून, घरी काढलेलं दूध ठेवून जायची. काढलेलं दूध साधारण २५ अंशांच्या खोलीत ४ तास आणि फ्रिजमध्ये ४ दिवस राहतं. दूध काढल्याची तारीख लिहून लेबल लावायचं, जुनं आधी वापरायचं. दुसऱ्या पेपरला पंप न्यायला विसरले आणि शेवटच्या तासाला छाती दगडासारखी झाली, एक प्रश्न सोडून बाहेर आले. तिसऱ्या पेपरला पर्यवेक्षकांना आधीच सांगितलं. त्यांनी मधल्या दहा मिनिटांसाठी शेजारची खोली उघडून दिली. सांगितलं नसतं तर त्यांना कळणार कसं होतं.

मला पहिले दोन महिने अभ्यास झाला नाही. तिसऱ्यापासून रोज दोन तास नवरा आणि माझी आई आलटून पालटून मुलीला घेतात, मी दार लावून बसते. कपडे पडलेले असतात. पडू देते.

हिरवाचाफा

हा धागा तीनदा वाचला. मायक्रोबायॉलॉजी, दुसरं वर्ष. काल रात्री टेस्ट पॉझिटिव्ह आली. अजून कुणालाच सांगितलं नाहीये, इथेच पहिल्यांदा.

निळीशाई

हिरवाचाफा, इथे आहोत आम्ही. आधी हे सांग, किती आठवडे झाले असतील? कुठल्या जिवाणूंची कल्चर हाताळतेस आणि जेलमधला डीएनए रंगवायला इथिडियम ब्रोमाइड वापरता का? यादी इथे टाक, काचपात्र ताई बघतील. डॉक्टरांची वेळ आजच घे. फॉलिक अॅसिड सुरू केलं नसेल तर तेही आजच विचार.